खिडकीबाई आणि त्रेचाळीस लाल पीस

कारखान्यात त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. हजेरीच्या कागदावर काय असेल ते असो, प्रेस विभागापासून थेट गेटपर्यंत त्या ‘खिडकीबाई’. नव्या माणसाला वाटायचं, बाई दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघत असणार. पण त्यांच्या विभागाला खरी खिडकी एकच, तीही धुळीनं आंधळी झालेली, आणि तिच्यातून दिसायची फक्त सायकली ठेवायची पत्र्याची शेड. बाईंच्या खिडक्या वेगळ्याच होत्या. त्या असायच्या हाताच्या पंजाएवढ्या स्क्रीनवर, आणि त्यांच्यापायी अर्धा कारखाना बाईंना वचकून असायचा.

कारखाना पाण्याचे पंप बनवायचा. पंपाच्या बॉडीत बेअरिंग दाबून बसवायचं काम प्रेसवर चाले, आणि प्रत्येक प्रेसच्या डोक्यावर एक करडं खोकं बसवलेलं असे. बेअरिंग खाली सरकायला लागलं की खोकं एक रेघ काढायला लागे. आडवं मोजायचं ते किती सरकलं, उभं मोजायचं ते किती जोर लागला. गुणी बेअरिंगची रेघ ओळखीची असते. आधी सपाट, मग बॉडीच्या तोंडाला टेकलं की एक लहानशी उचल, मग बेताचा चढ, आणि तळाला बसलं की सरळ वर. या वाटेवर बाईंनी तीन चौकटी आखून ठेवलेल्या. पहिलीच्या छताखालून रेघेनं मान वाकवून जायचं. दुसरीत डावीकडून शिरायचं, उजवीकडून निघायचं. तिसरीत खालून शिरून वरून बाहेर पडायचं. जरा कुठे आडवाटेला गेली की लाल दिवा, आणि पीस कुलूपबंद लाल पेटीत. या चौकटींना सगळे खिडक्या म्हणत. त्या कुठे आखायच्या, किती रुंद ठेवायच्या, हे ठरवणारं माणूस कारखान्यात एकच होतं, आणि पासवर्डही एकाच डोक्यात होता.

ते डोकं मूळचं पॅकिंगचं. नऊ वर्षांपूर्वी खोकी आली, ती बसवणारा इंजिनिअर दोन महिन्यांत दुसरीकडे निघून गेला, आणि मागे राहिलं एक जाडजूड चोपडं, कुणालाही न वाचता येणाऱ्या भाषेतलं. पॅकिंगच्या बाईंना सांगितलं होतं, खोकी रोज पुसत जा. बाईंनी खोकी पुसली आणि पुसता पुसता चोपड्यातली चित्रं बघितली. चित्रात रेघ होती, चौकटी होत्या, बाण होते. बाण कुठून शिरतो नि कुठून निघतो हे कळायला भाषा लागत नाही. सहा महिन्यांनी एक प्रेस उगाचच लाल लाल करायला लागली तेव्हा सगळे साहेब खोक्यापुढे हात बांधून उभे होते, आणि फडकं घेतलेल्या बाई मागून म्हणाल्या, “तिसरी खिडकी खाली घसरलीय. वर घ्या.” घेतली. दिवा हिरवा झाला. फडकं त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेलं.

अशा बाईच्या वाट्याला देवानं व्याही कोण द्यावा, तर तीन नंबरच्या प्रेसवरचा माणूस.

बाईंच्या लेकीचं आणि तीन नंबरवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा विभागात वधूवरांची चिंता कुणालाच नव्हती. चर्चा एवढीच, की आता तीन नंबरवर लाल दिवा लागायचा नाही. मुलीची आई म्हणजे बाजू जरा नमती, व्याह्यांचा मान ठेवायलाच हवा. लग्न सोमवारी झालं. गुरुवारी बाईंनी व्याह्यांचे अकरा पीस लाल पेटीत पाठवले. “व्याहीबुवा, बेअरिंगला तेल कमी पडतंय,” एवढं मात्र फार अदबीनं सांगितलं म्हणतात, पदर सावरून.

व्याही माणूस चांगला. सव्वीस वर्षं प्रेसवर, हाताला वजनाचा अंदाज असा की बेअरिंग उचलून सांगतील कुठल्या खोक्यातलं. पण मानी. लाल दिवा लागला की त्यांना वाटे आपल्यालाच कुणी भर चौकात काहीतरी बोललं. दोन वर्षं असंच निभत गेलं. कारखान्यात लाल, घरी गोड.

मग तो सोमवार आला. तीन नंबरवर एका शिफ्टमध्ये त्रेचाळीस पीस लाल.

त्रेचाळीस म्हणजे थट्टा नाही. लाल पेटी भरून वर आली. व्याही पहिल्या पाचाला हसले, दहाव्याला गप्प झाले, आणि विसाव्यानंतर त्यांनी खोक्याकडे पाठ फिरवून काम केलं, भांडण झालेल्या शेजाऱ्याकडे बघत नाहीत तसं. साहेब नवीन होते, सहा आठवड्यांपूर्वी आलेले, हातात कायम एक पाण्याची बाटली. ते तडक बाईंकडे आले.

“बाई, शुक्रवारी पंप घेणारी मंडळी बघायला येणार आहेत. तीन नंबर लाल दिसता कामा नये. खिडक्या थोड्या मोठ्या करा.”

“थोड्या म्हणजे किती?”

“लाल थांबेल एवढ्या.”

“मग चौकट कशाला ठेवायची साहेब, भिंतच पाडू.”

साहेबांनी बाटलीचं झाकण उघडलं, पाणी प्यायलं नाही, परत लावलं. “हे बघा, खोकी विकणाऱ्यांचा एक माणूस आहे. त्याला फोन केला. म्हणाला, पासवर्ड द्या, तासाभरात सगळं सैल करून देतो. गुरुवारी दुपारपर्यंत तुम्ही केलंत तर उत्तम. नाही तर तो करेल, आणि यापुढे खोकी त्याच्याकडेच राहतील. तुम्ही पॅकिंगला होतात ना आधी? तिथे माणसं कमीच आहेत.”

असं म्हणून साहेबांनी तीन नंबरची प्रेस बंद ठेवायला सांगितली आणि निघून गेले. बाईंनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या.

संध्याकाळी लेकीचा सासरहून फोन आला.

“आई, तू काय केलंस गं? बाबा धड जेवले नाहीत.”

“तुझ्या सासूबाई काही म्हणाल्या?”

“म्हणाल्या काही नाहीत. भांडी जोरात ठेवतायत.”

“मग फार नाही रागावल्या. रागावल्या की त्या हळू ठेवतात.”

“चेष्टा नको. बाबांना प्रेस बंद करून नुसतं बसवलंय म्हणे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. थोडी खिडकी सोडली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“पंप,” बाई म्हणाल्या.

पलीकडे लेक जरा हसू दाबून म्हणाली, “मी असं सांगू का इथे?”

“नको. आई बघतेय म्हणून सांग.”

लाल पेटीचा एक नियम होता. ती उघडायची तर खिडकीबाई आणि त्या प्रेसचा माणूस दोघांनी समोर हवं. म्हणून मंगळवारी सकाळी विहीण आणि व्याही एका टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये त्रेचाळीस पीस, असा देखावा सगळ्या विभागानं बघितला. चहा घ्यायला त्या दिवशी सगळे त्याच वाटेनं गेले.

“बसा व्याहीबुवा.”

“बसलोच आहे कालपासून.”

“तुमचा हात बिघडला असं मी म्हटलेलं नाही.”

“तुम्ही कशाला म्हणाल. तुमचं खोकं म्हणतंय की, दिवे लावून.”

बाईंनी सगळ्या त्रेचाळीस पिसांच्या रेघा पातळ कागदावर छापून आणल्या होत्या, आणि आदल्या आठवड्यातल्या वीस हिरव्या पिसांच्याही. एक लाल आणि एक हिरवा कागद एकावर एक ठेवून त्या धुळकट खिडकीच्या काचेला लावायच्या आणि डोळे बारीक करून बघायच्या. हे त्यांचं जुनं तंत्र. खोक्याला दहा रेघा एकावर एक दाखवता येतात, पण बाईंचा विश्वास कागदावर. काच त्यासाठी फडक्यानं थोडीशी पुसली तेव्हा सायकलींची शेड बऱ्याच वर्षांनी दिसली म्हणे.

अकरा कागद झाले. बाराव्याला बाई म्हणाल्या, “इकडे या.”

व्याही आले, पण हात मागे बांधून.

“रेघ कशी दिसते?”

“लाल.”

“रंग नाही हो. ठेवण बघा. हिरवीची उचल बघा, चढ बघा. लालची बघा.”

व्याह्यांनी बघितलं. मग मागचे हात पुढे आले आणि त्यांनी कागद धरून थोडा उजवीकडे सरकवला. लाल रेघ हिरवीच्या खाली अशी नाहीशी झाली की जणू कागद एकच.

“तीच आहे की ही,” ते म्हणाले. “नुसती अलीकडे उभी आहे.”

“चार दशांश मिलिमीटर अलीकडे. बेअरिंग बरोबर बसलंय. पण टेकलं लवकर, म्हणून सगळंच लवकर झालं. वाट तीच, फक्त निघाली आधी. माझ्या खिडक्या तिथल्या तिथे, त्यामुळे रेघ प्रत्येकीच्या बाजूनं निघून गेली.”

आता यावर एक गोष्ट सांगतात, की बेअरिंग लवकर का टेकलं, हे बाईंना सुचलं घरी, नवऱ्यानं नातवाची उंची बुटासकट मोजली तेव्हा. गोष्ट फार छान आहे. अडचण एवढीच की नातू तेव्हा झालाच नव्हता. बाईंना ते सुचलं ते पट्टी घेऊन बॉड्या मोजताना. व्हर्निअरची बारीक मापाची पट्टी लावून त्या एकेक तळ मोजत गेल्या आणि व्याही आकडे लिहीत गेले. लाल पेटीतल्या बॉड्यांचे तळ चार दशांशानं जाड. आतल्या बाजूला, बोट फिरवलं तरच लागेल अशी, एक बारीक दोनाची खूण ओतलेली. हिरव्या बॉड्यांवर एकाची.

बाई स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरकीपर म्हणजे कारखान्याचं वर्तमानपत्र. कुणाची बदली, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, सगळं त्यांना आधी कळायचं.

“बॉड्या ओतायला दुसरा साचा आलाय?”

“महिना झाला की. पहिल्यावर ताण पडत होता. त्यातल्या बॉड्या सोमवारी पहिल्यांदा बाहेर काढल्या, तीन नंबरला.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“सांगायचं काय त्यात? दोन्ही ड्रॉइंगप्रमाणेच आहेत. मी तर तपासणीच्या माणसाला सांगितलं, गेटवर सांगितलं...”

“गेटवर सांगितलंत.”

“तो विचारत होता, ट्रकमध्ये काय आहे म्हणून.”

बाई परत आल्या आणि त्यांनी लॉकरमधून जुनी वही काढली. तीन नंबरच्या प्रेसचं पान. खिडक्यांचे आकडे, त्यांच्याच अक्षरात, आणि वर एक ओळ: ‘शून्य, टेबलापासून’. म्हणजे सरकणं मोजायला सुरुवात कुठून, तर प्रेसच्या टेबलापासून. नऊ वर्षांपूर्वी साचा एकच होता, तळ सारखे होते, टेबलापासून मोजा नाही तर गेटपासून मोजा, फरक पडत नव्हता. आता पडत होता.

त्या पानाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. खिडकी चुकली नाही हे त्यांना कालपासून माहीत होतं. पण आपलं काहीच चुकलं नाही, हा भरवसा मात्र त्या दुपारी मोडला. नऊ वर्षं दुसऱ्यांना तेल कमी, हात वाकडा, बेअरिंग तिरकं असं सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या अक्षरात सापडलेली चूक कशी लागते, हे ज्याला लागलीय त्यानंच समजावं. व्याही समोरच होते. त्यांनीही ती ओळ वाचली. आणि या माणसाचा मोठेपणा असा की त्यांनी तोंड उघडलं नाही. मिशीच्या एका टोकाला काहीतरी हललं, एवढंच.

“हसा,” बाई म्हणाल्या. “हक्क आहे तुमचा.”

“घरी जाऊन हसेन,” व्याही म्हणाले.

बुधवारचा सगळा दिवस बाई खोक्यापुढे होत्या. त्यांनी शून्य टेबलावरून काढलं आणि बेअरिंगला दिलं. म्हणजे जोर पन्नास न्यूटनला पोचला, बेअरिंग बॉडीच्या तोंडाला टेकलं, की तिथून मोजणी सुरू. मग तळ जाड असो की पातळ, रेघ आपली ठरल्या जागेवरूनच निघणार. तिन्ही खिडक्या त्यांनी त्या नव्या शून्यापासून पुन्हा आखल्या, रुंदी तीच ठेवून, केसभरही न वाढवता. आणि टेबलाला अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. बेअरिंग फारच लवकर किंवा फारच उशिरा टेकलं तर ओरडायला एक पहारेकरी तिथेही ठेवला. कारण उद्या कुणी एकावर एक दोन बेअरिंगं ठेवली तर नुसत्या टेकण्यावर भरवसा ठेवणारं खोकं आनंदानं हिरवं होईल, हे त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी साहेब आले. हातात बाटली, मागे तो खोकीवाल्यांचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात. विभागातल्या सगळ्यांना अचानक तीन नंबरच्या आसपासच काम निघालं.

“झाल्या का मोठ्या?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “आधी एक ऐका. चूक माझी आहे. दुसरा साचा आला, तळ बदलला, आणि माझी मोजणी टेबलाला चिकटून बसली. सोमवारचे पीस उगाच लाल झाले, आणि यांना तीन दिवस उगाच बसवलं.” हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. “पण खिडकी बरोबर आहे. ती मी मोठी केलेली नाही आणि करणार नाही. सोमवारच्या त्रेचाळीस रेघा खोक्यात साठवलेल्या आहेत. त्याच रेघा नव्या मोजणीनं पुन्हा तपासते. बघा.”

त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर एकेक रेघ यायला लागली आणि हिरवी व्हायला लागली. दहा. वीस. कुणीतरी मागे मोजत होतं, मग बरेच जण मोजायला लागले. एकतिसावी आली आणि लाल झाली. मोजणी अडखळली. पुढच्या सगळ्या हिरव्या.

“बेचाळीस हिरव्या, एक लाल,” साहेब म्हणाले. “छानच. ती एक पण करून टाका की. केवढीशी खिडकी वाढवायचीय.”

इस्त्रीचा शर्ट पुढे वाकला. “पहिल्या खिडकीचं छत स्क्रीनवर पाव सेंटिमीटर वर घेतलं की झालं.”

“घेतलं की झालं,” बाई म्हणाल्या. “आधी तो पीस कापू या.”

पीस कापायचा म्हणजे तो मेला, आणि तो कुणाचा तर व्याह्यांचा. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. आता इथे विहीण म्हणून थोडं नमतं घ्यायला जागा होती, आणि ती घेतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. एक पीस, एक पंप. साहेब खूश, घरी भांडी आपल्या आवाजात.

“तुमचा पीस आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात तर कापू.”

व्याह्यांनी पीस उचलला, तळहातावर तोलला, सव्वीस वर्षांच्या सवयीनं. “वजनाला तर बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि स्वतःच करवतीकडे चालायला लागले.

करवतीला चार मिनिटं लागली. दोन अर्धुकं टेबलावर आली. बॉडीच्या आतल्या भिंतीवर, वरच्या तोंडापाशी, नखानं ओरबाडावं तसा एक चकचकीत ओरखडा, आणि त्यातून निघालेलं धातूचं कुसळ बेअरिंगच्या आत जाऊन बसलेलं. बेअरिंग तिरकं शिरलं होतं आणि जोरानं सरळ झालं होतं. बाहेरून बघाल तर गुळगुळीत.

“हा पंप महिनाभर चालला असता,” बाई साहेबांना म्हणाल्या. “मग कुणाच्या तरी घरी बंद पडला असता. छत वर घेतलं असतं तर असे सगळेच गेले असते.”

इस्त्रीचा शर्ट अर्धुकं निरखत होता. माणूस प्रामाणिक निघाला. “मी वर घेतलं असतं,” तो म्हणाला. “पण हे टेकण्यापासून मोजायचं तुम्हाला कुणी दाखवलं?”

“चोपड्यात चित्र आहे. पान सत्याऐंशी.”

साहेबांनी या वेळी बाटली उघडून खरंच पाणी प्यायलं. मग म्हणाले, “एकतिसावा हा पीस किती वाजताचा?”

खोकं वेळही लिहून ठेवतं. बाईंनी वाचलं, “अकरा वाजून बारा मिनिटं.”

व्याही एकदम बारकाईनं करवतीचं पातं पुसायला लागले. कुणीतरी मागून विचारलं, “काका, सोमवारी सव्वाअकराला तुम्ही फोनवर नव्हतात का हो? काकूंशी?”

“होतो,” व्याही म्हणाले.

“एवढं काय चाललं होतं?”

“विहीणबाईंच्या लाल दिव्याबद्दलच चाललं होतं,” व्याह्यांनी सांगून टाकलं. सगळा विभाग हसला, त्यात सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त वेळ बाई हसल्या.

प्रेस पाच मिनिटांत सुरू झाली. पहिला पीस दोन नंबरच्या साच्याचा घेतला, मुद्दाम. हिरवा. साहेब जाता जाता थांबले.

“बाई, खोकी तुमच्याकडेच राहू देत. पण पासवर्ड एकाच डोक्यात, हे काही खरं नाही. अजून एक माणूस तयार करा. कोण हवं ते सांगा.”

विभागात शिकलेली पोरं होती, दोघांना तर संगणकातलं बरंच कळायचं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

“हे,” त्या म्हणाल्या, आणि व्याह्यांकडे बोट दाखवलं. “रोज बेअरिंग यांच्या हातून जातं. रेघ अंगानं ओळखतात. परवा माझ्याआधी यांनीच कागद सरकवला.”

व्याह्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी मान आणि संकट दोन्ही आलं. विहिणीपुढे विद्यार्थी म्हणून बसायचं, वही घेऊन, सगळ्यांदेखत. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि आतून कुठेतरी नाही म्हणायचंही नव्हतं. सोमवारपासून शिकवणी सुरू झाली, जेवणानंतर अर्धा तास. वही नवी कोरी, वर कव्हर घातलेलं. कव्हर त्यांच्या बायकोनं घातलं, ही बातमी अर्थात स्टोअरमधूनच आली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना पाच नंबरच्या प्रेसवर स्वतः खिडक्या आखायला बसवलं. व्याह्यांनी वीस उत्तम रेघा घेतल्या आणि सव्वीस वर्षांचा मान पणाला लावून त्यांच्या अंगाला लागून अशा तंग खिडक्या आखल्या की सुईसुद्धा शिरू नये.

“जरा सैल ठेवा,” बाई म्हणाल्या.

“चांगल्या कामाला सैल कशाला?”

बाई चष्मा वर सरकवून स्टुलावर बसल्या. पाच नंबरचा माणूस काम करायला लागला. पहिला पीस लाल. दुसरा लाल. चौथा लाल झाला तसा तो प्रेस थांबवून वळला आणि व्याह्यांना म्हणाला, “काका, माझ्या हाताला काय झालंय असं म्हणायचंय तुम्हाला?”

व्याह्यांनी विहिणीकडे बघितलं. विहीण वहीचं कव्हर न्याहाळत होती, सुबक घातलं होतं म्हणून.

“काही नाही झालं तुझ्या हाताला,” व्याही म्हणाले, आणि स्क्रीनवर बोट ठेवून पहिल्या खिडकीचं छत किंचित वर घ्यायला लागले. “बस दोन मिनिटं. बघतोय.”